विश्लेषण : आठळ्यांपासून ‘नॅनो’ स्टार्च… प्रयोगशाळेत जमते, मग कारखान्यात कुठे अडते?

फणसाच्या आठळ्या, आंब्याच्या कोयी अशा ‘वाया जाणाऱ्या’ बियांमधील स्टार्चपासून नॅनोकण बनवण्याचे संशोधन गेल्या काही वर्षांत भारतासह अनेक देशांत वाढले आहे. प्लास्टिकला पर्याय, औषधाची कुपी, खाद्यपदार्थांचे वेष्टन असे अनेक उपयोग त्यासाठी सांगितले जातात. हे कण बनवणे आता फारसे अवघड राहिलेले नाही. ते खरोखर नॅनो आहेत का, टिकतात का आणि परवडतात का, हे तपासणे मात्र अवघड आहे. या तपासणीत नेमके काय पाहतात, याचा आढावा.

स्टार्चचा कण मुळात केवढा असतो?

वनस्पती आपला अन्नसाठा स्टार्चच्या दाण्यांच्या रूपात बी, कंद किंवा धान्यात साठवते. या दाण्यात दोन प्रकारचे रेणू असतात. अ‍ॅमिलोज हा बहुतांशी सरळ साखळीचा आणि अ‍ॅमिलोपेक्टिन हा फांद्या फुटलेल्या झाडासारखा. बटाट्याच्या स्टार्चचे मोठे दाणे १०० मायक्रॉनपर्यंत, तर तांदळाचे जेमतेम तीन ते आठ मायक्रॉनचे असतात. आठळीच्या स्टार्चचे दाणे साधारण पाच ते दहा मायक्रॉनच्या आसपास भरतात.

नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. एका मायक्रॉनमध्ये हजार नॅनोमीटर असतात. दहा मायक्रॉनच्या एका दाण्यातून १०० नॅनोमीटरचे गोल कण काढायचे ठरवले, तर हिशेबाने दहा लाख कण होतील आणि त्यांचा एकूण पृष्ठभाग मूळ दाण्याच्या शंभरपट भरेल. नॅनोकणांचे सारे महत्त्व या वाढलेल्या पृष्ठभागात आहे. औषधाचा रेणू चिकटायला, तेलाचा थेंब वेढायला किंवा वेष्टनातील फटी भरायला तेवढ्याच वजनात कितीतरी अधिक जागा मिळते.

आठळ्या आणि कोयीच का?

सध्या उद्योगांना लागणारा स्टार्च प्रामुख्याने मका, टॅपिओका, बटाटा आणि गहू यांतून येतो. ही सगळी अन्नपिके आहेत. फळप्रक्रिया उद्योगात मात्र गर घेतल्यावर बी मागे उरते. वाळवलेल्या आठळीत आणि आंब्याच्या कोयीतील गाभ्यात निम्म्याहून अधिक भाग स्टार्चचा असतो. त्यामुळे कोकणातील कॅनिंगचे कारखाने असोत की केरळमधील फणस प्रक्रिया केंद्रे, तेथील बियांकडे संशोधकांचे लक्ष जाणे स्वाभाविक आहे.

पण या बिया पूर्णपणे ‘कचरा’ आहेत, असे म्हणणे धाडसाचे ठरेल. कोकणात आठळ्या भाजून, उकडून, भाजीत घालून खाल्ल्या जातात. मातीत घोळवून पावसाळ्यासाठी राखूनही ठेवल्या जातात. आंब्याच्या कोयी रोपवाटिकांना कोय कलमांसाठी लागतात. कोयीतील चरबीलाही बाजार आहे. युरोपीय संघाने चॉकलेटमध्ये कोको बटरसोबत मर्यादित प्रमाणात ज्या सहा वनस्पतिजन्य चरबींना परवानगी दिली आहे, त्यात आंब्याच्या कोयीची चरबी आहे, तशीच कोकमाचीही. तेव्हा कच्चा माल फुकट मिळेल, हे गृहीतक पहिल्याच पायरीवर तपासावे लागते. शिवाय प्रत्येक बीत स्टार्च असतोच असे नाही. चिंचोक्याची खळ घोंगडीला वर्षानुवर्षे दिली जाते, पण तिचा चिकटपणा स्टार्चचा नसून झायलोग्लुकन नावाच्या वेगळ्या शर्करेचा असतो.

बीपासून स्टार्च काढतात कसा?

कुरडयांसाठी गव्हाचा चीक काढताना घरात जे केले जाते, तेच येथे मोजून-मापून करतात. आठळ्यांचे पांढरे टरफल आणि आतील तपकिरी साल काढायची, बी वाटायची, भरपूर पाण्यात कालवून गाळायची आणि गाळलेले पाणी स्थिर ठेवायचे. जड स्टार्च तळाशी बसतो. प्रथिने सुटी व्हावीत म्हणून काही पद्धतींत सौम्य अल्कली वापरतात. कोयीत टॅनिन बरेच असल्याने तो स्टार्च अधिक वेळा धुवावा लागतो, अन्यथा रंग काळपट येतो.

या पायरीवरचा निष्काळजीपणा पुढे महागात पडतो. प्रथिने किंवा चरबी शिल्लक राहिली तर पुढच्या चाचण्यांत दिसणारा कण स्टार्चचा की अशुद्धीचा, हेच कळत नाही. म्हणून ओलावा, राख, प्रथिने, चरबी आणि अ‍ॅमिलोजचे प्रमाण आधी मोजले जाते. आयोडीन टाकल्यावर येणारा निळा-जांभळा रंग ही शाळेतली चाचणी स्टार्च आहे एवढेच सांगते. तो किती शुद्ध आहे, हे सांगत नाही.

स्टार्चपासून नॅनोकण कसे तयार होतात?

मुख्य वाटा तीन. पहिली आम्लाची. स्टार्चच्या दाण्यात काही भाग घट्ट, स्फटिकासारखा रचलेला आणि काही विस्कळीत असतो. सौम्य आम्लात ठेवल्यास विस्कळीत भाग आधी विरघळतो आणि स्फटिकी भाग मागे उरतो. स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल नेगेली यांनी १८७४ मध्येच आम्लात दीर्घकाळ ठेवलेल्या स्टार्चचा न विरघळणारा भाग नोंदवला होता. २००३-०४ मध्ये फ्रान्समधील ग्रेनोबल येथील संशोधकांनी मक्याच्या एका वाणातील स्टार्चपासून मिळालेल्या अशा नॅनोस्फटिकांची मोजमापे दिली. ती पाच ते सात नॅनोमीटर जाडीची, काही दहा नॅनोमीटर लांबी-रुंदीची चकतीसारखी पाने होती. सल्फ्युरिक आम्लात ४० अंश सेल्सिअसला पाच दिवस ठेवून सुमारे १५ टक्के उतारा त्यांना मिळाला.

दुसरी वाट अवक्षेपणाची. स्टार्च पाण्यात शिजवून त्याचे पातळ द्रावण करतात आणि ते इथेनॉलमध्ये थेंबाथेंबाने सोडतात किंवा द्रावणात इथेनॉल ओततात. स्टार्च इथेनॉलमध्ये विरघळत नसल्याने त्याचे बारीक कण होऊन बाहेर पडतात. काम काही तासांत होते आणि बहुतेक स्टार्च हाती लागतो. पण शिजवताना मूळ स्फटिकी ठेवण मोडलेली असते. त्यामुळे आम्लाने मिळालेला कण आणि इथेनॉलने मिळालेला कण एकाच नावाने ओळखले जात असले, तरी ते दोन वेगळे पदार्थ आहेत.

तिसरी वाट यांत्रिक. तीव्र अल्ट्रासाऊंड, उच्च दाबाचे होमोजिनायझर किंवा चक्की यांच्या साह्याने दाणे फोडले जातात. त्यात रसायने कमी लागतात, मात्र वीज अधिक आणि कणांचा आकार एकसारखा राखणे कठीण. याखेरीज विकरांनी फांद्या छाटून नव्याने स्फटिक वाढवण्याची पद्धतही आहे. अनेक गट यांतील दोन पद्धती एकत्र वापरतात.

कण ‘नॅनो’ आहे, हे कशावरून ठरते?

एका चाचणीने ते ठरत नाही. नेहमी वापरल्या जाणाऱ्या चाचण्या आणि त्यांचे काम असे :

प्रकाश विकिरण : द्रवात तरंगणाऱ्या कणांवर लेसर टाकून त्यांच्या हालचालीवरून सरासरी आकार काढतात.

झीटा विभव : कणांच्या पृष्ठभागावरील विद्युतभाराचा अंदाज. ढोबळ नियम असा, की तो उणे ३० मिलिव्होल्टच्या खाली किंवा अधिक ३० च्या वर असेल तर कण एकमेकांना दूर ठेवतात आणि गुठळ्या कमी होतात. सल्फ्युरिक आम्लाने बनवलेल्या कणांवर सल्फेट गट चिकटल्याने ऋणभार येतो.

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक : कण गोल आहेत, चकत्या आहेत की नुसते तुकडे, हे प्रत्यक्ष दिसते.

क्ष-किरण विवर्तन : स्फटिकी ठेवण किती उरली ते कळते. धान्यांच्या स्टार्चचा आराखडा ‘ए’, बटाट्याचा ‘बी’. आठळीचा बहुतेक अभ्यासांत धान्यासारखा आढळतो. इथेनॉलने केलेल्या कणांत हा आराखडा पुसला जातो किंवा बदलतो.

अवरक्त वर्णपट आणि औष्णिक चाचण्या : रासायनिक गट बदलले का आणि कोणत्या तापमानाला कण शिजतो किंवा जळतो, हे तपासतात.

आकड्यांचा खेळ कुठे होतो?

प्रकाश विकिरणाचा यंत्रावरील आकडा सर्वाधिक उद्धृत होतो आणि सर्वाधिक फसवाही तोच ठरतो. अतिसूक्ष्म कणाने विखुरलेला प्रकाश त्याच्या व्यासाच्या सहाव्या घाताने वाढतो. म्हणजे १०० नॅनोमीटरचा एक कण दहा नॅनोमीटरच्या दहा लाख कणांइतका ‘चमकतो’. चार गुठळ्या असल्या तरी सरासरी वर जाते. उलट मोजण्याआधी नमुना बारीक गाळणीतून काढला, तर मोठे कण मागे राहतात आणि आकडा सुंदर दिसतो. त्यामुळे नमुना कसा तयार केला, तो गाळला होता का आणि कणांच्या आकारात किती तफावत होती, हे नसेल तर नुसत्या सरासरीला अर्थ नाही.

दुसरा प्रश्न व्याख्येचा. आंतरराष्ट्रीय मानकांत नॅनो म्हणजे साधारण एक ते १०० नॅनोमीटर. युरोपीय आयोगाच्या २०२२ च्या शिफारशीनुसार संख्येने निम्मे किंवा अधिक कण या मर्यादेत असावे लागतात. स्टार्चवरील अनेक शोधनिबंधांत मात्र दोनशे-तीनशे नॅनोमीटरच्या कणांनाही नॅनोकण म्हटले जाते. असे कण निरुपयोगी असतात असे नव्हे. पण ‘नॅनो’ ही पाटी आणि मोजलेला आकार यांत अंतर राहते.

तिसरा प्रश्न सुकवण्याचा. द्रवात मोकळे असलेले कण वाळवताना एकमेकांना चिकटतात. पुन्हा पाण्यात टाकल्यावर ते सुटे होतीलच असे नाही. कारखान्याला तर बहुधा पूडच लागते. म्हणून आकार वाळवण्याआधी, पुन्हा भिजवल्यावर आणि काही आठवड्यांनी असा तिन्ही वेळा मोजायला हवा. शिळी भाकरी कडक होते, कारण थंड झालेल्या स्टार्चचे रेणू पुन्हा एकमेकांना बिलगतात. शिजवून केलेल्या नॅनोकणांतही साठवणुकीत हेच होऊ शकते.

उपयोग कोणते आणि कितपत सिद्ध?

पहिला उपयोग वेष्टनाच्या पातळ थरात भर म्हणून. काही टक्के नॅनोस्फटिक मिसळल्यास थराची ताकद वाढते आणि पाण्याच्या वाफेची वाट लांबते. प्रमाण वाढवत नेले की गुठळ्या होतात आणि थर उलट कमकुवत होतो. दुसरा, हळदीतील कर्क्युमिनसारखे पाण्यात न विरघळणारे घटक कणांत सामावून घेणे. तिसरा, तेल आणि पाण्याचे मिश्रण फुटू न देणे, ज्याचा उपयोग सॉस, क्रीम अशा पदार्थांत होऊ शकतो.

औद्योगिक वापराची उदाहरणेही आहेत. टायर कंपनी गुडइयरने इटलीच्या नोव्हामॉन्टसोबत मका स्टार्चवर आधारित भरणद्रव्य काजळी व सिलिकाच्या काही भागाऐवजी वापरून २००१ मध्ये टायर आणले. कॅनडातील इकोसिंथेटिक्स या कंपनीने कागदावर लेप देताना लागणाऱ्या पेट्रोलियमजन्य चिकटद्रव्याऐवजी स्टार्चचे नॅनोकण बाजारात आणले. लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी, की ते आम्लात पाच दिवस ठेवून नव्हे, तर कुरकुरे बनवतात तशा एक्सट्रुडर यंत्रातून अखंड प्रक्रियेने बनवले जातात. कच्चा मालही बारमाही मिळणाऱ्या व्यापारी स्टार्चचा.

प्लास्टिकची जागा घेता येईल?

देशात १ जुलै २०२२ पासून एकल वापराच्या ठरावीक प्लास्टिक वस्तूंवर बंदी आहे. महाराष्ट्राने त्याआधी मार्च २०१८ मध्येच बंदीची अधिसूचना काढली होती. त्यामुळे पर्यायांची गरज खरी आहे. मात्र स्टार्चचे मूळ वैगुण्य पाण्याची ओढ हे आहे. कोरड्या प्रयोगशाळेत उत्तम दिसणारा थर जुलैमधल्या मुंबई-रत्नागिरीच्या दमट हवेत नरम पडतो. नॅनोकण हे वैगुण्य कमी करतात, संपवत नाहीत. म्हणून ताकदीची चाचणी किती सापेक्ष आर्द्रतेत झाली, हा आकडा ताकदीइतकाच महत्त्वाचा.

‘विघटनशील’ या शब्दालाही चाचणीचा आधार लागतो. कंपोस्टयोग्य प्लास्टिकसाठी भारतात आयएस/आयएसओ १७०८८ हे मानक लागू आहे आणि उत्पादकाला केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे प्रमाणपत्र घ्यावे लागते. या चाचणीत औद्योगिक कंपोस्टच्या स्थितीत, सुमारे ५८ अंश तापमानाला, १८० दिवसांत किमान ९० टक्के कार्बनचे कार्बन डायऑक्साइडमध्ये रूपांतर व्हावे लागते. नुसता स्टार्च मातीत सहज कुजतो. पण पाणी अडवण्यासाठी त्यात दुसरे बहुवारिक मिसळले, तर चाचणी त्या संपूर्ण मिश्रणाची व्हायला हवी. कुंडीत पुरलेला तुकडा महिन्याभरात दिसेनासा झाला, एवढ्यावर हा निष्कर्ष निघत नाही.

पोटात गेल्यास सुरक्षित आहे का?

स्टार्च रोजच्या अन्नातला असल्याने धास्ती कमी आहे. लाळेतील आणि स्वादुपिंडातील विकरे तो पचवतात. नॅनोकण आतड्यात पोहोचेपर्यंत साध्या शर्करेत मोडत असेल, तर धातूंच्या नॅनोकणांसारखा तो शरीरात साठण्याचा प्रश्न मोठ्या प्रमाणात मिटतो. पण ‘मोडतो’ हे गृहीत धरायचे नसते, कृत्रिम पचनद्रवात तपासायचे असते. स्फटिकी कण आणि रासायनिक बदल केलेले कण सावकाश पचतात. शिवाय आम्ल, इथेनॉल किंवा कण जोडण्यासाठी वापरलेल्या रसायनांचे अवशेष, बीतील मूळ प्रथिने आणि कणात भरलेले द्रव्य यांची तपासणी वेगळी.

युरोपीय संघाने टायटॅनियम डायऑक्साइड या पांढऱ्या खाद्यरंगावर २०२२ मध्ये बंदी आणली. त्यातील काही कण नॅनो आकाराचे होते आणि जनुकांना इजा होण्याची शक्यता नाकारता येत नाही, असे तेथील अन्नसुरक्षा यंत्रणेचे मत होते. अनेक दशके वापरात असलेला पदार्थही नव्या निकषांवर पुन्हा तपासला जातो, हा त्याचा अर्थ. भारतात जैवतंत्रज्ञान विभागाने २०२० मध्ये शेती व अन्नातील नॅनो उत्पादनांच्या मूल्यमापनाची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली आहेत. अन्नाला लागणाऱ्या प्लास्टिक वेष्टनातून किती द्रव्य अन्नात उतरावे, याची मर्यादाही एफएसएसएआयने घालून दिली आहे.

मग घोडे अडते कुठे?

एक ढोबळ हिशेब मांडता येतो. ताज्या आठळ्यांत निम्म्याच्या आसपास पाणीच असते. १०० किलो ओल्या आठळ्यांतून २० किलो स्वच्छ स्टार्च निघाला, असे धरू. ग्रेनोबलच्या कृतीत एक किलो स्टार्चला सुमारे सात लिटर सौम्य सल्फ्युरिक आम्ल लागते. म्हणजे २० किलोला १४० लिटर आणि त्यात ४० किलोहून अधिक शुद्ध आम्ल. पाच दिवसांनी १५ टक्के उताऱ्याने हाती येतात फक्त तीन किलो नॅनोस्फटिक. उरलेला बहुतेक स्टार्च विरघळून आम्लाच्या पाण्यात जातो. ते पाणी चुन्याने निष्प्रभ करायचे, कण वारंवार धुवायचे आणि सांडपाण्याची व्यवस्था लावायची. ‘हरित’ म्हणवणाऱ्या उत्पादनामागचा हा हिशेब क्वचितच मांडला जातो.

इथेनॉलच्या पद्धतीत उतारा चांगला, पण वापरलेले इथेनॉल ऊर्ध्वपातनाने परत मिळवले नाही तर खर्च परवडत नाही. त्यासाठी राज्य उत्पादन शुल्क विभागाचे परवाने लागतात, ते वेगळेच. त्यातच आठळ्यांचा हंगाम उन्हाळ्याचा शेवट आणि पावसाळ्याचा आरंभ एवढाच. आठळ्या सुकवल्या नाहीत तर काही दिवसांत कोंब धरतात किंवा बुरशी येते. ऐन पावसात त्या वाळवायला ड्रायर हवा. झाडाझाडाला आणि जातीजातीला अ‍ॅमिलोजचे प्रमाण बदलते, त्यामुळे एका खेपेचा कण दुसऱ्या खेपेशी जुळेलच असे नाही.

शेतकऱ्याच्या पदरात काय?

शेतकऱ्याला आणि बचत गटांना तातडीने उपयोगी पडेल ती पहिली पायरी, म्हणजे आठळ्या गोळा करणे, सुकवणे आणि स्वच्छ स्टार्च किंवा पीठ काढणे. त्यासाठी लागणारी यंत्रे साधी आहेत आणि अन्नप्रक्रियेत, कापडाच्या सायझिंगमध्ये किंवा डिंकासाठी स्टार्चला वापर आहे. अर्थात तेथे स्पर्धा मक्याच्या स्वस्त स्टार्चशी होणार. नॅनोकणांची पायरी त्यानंतरची. जेथे काही ग्रॅम कणांनी काम भागते आणि त्याची किंमत मिळते, अशा औषधनिर्माण किंवा सौंदर्यप्रसाधनांसारख्या क्षेत्रातच ती आधी परवडण्याची शक्यता दिसते. किलोवर विकल्या जाणाऱ्या पिशव्यांसाठी हे गणित आज तरी जुळत नाही.

‘नॅनो’ या शब्दाच्या वजनावर गुंतवणूक किंवा अनुदान ठरू नये, हे नॅनो युरियाच्या वादानेही दाखवून दिले आहे. २०२१ मध्ये इफ्कोने ते खत बाजारात आणल्यापासून त्याच्या परिणामकारकतेवर शास्त्रज्ञांत मतभेद आहेत आणि शेतातील चाचण्यांचे निष्कर्ष हाच वादाचा मुद्दा राहिला आहे. आठळीच्या स्टार्चला ती वेळ टाळता येईल. त्यासाठी प्रत्येक नव्या दाव्याला चार प्रश्न विचारावे लागतील. १०० किलो बियांतून किती ग्रॅम कण मिळाले? वाळवून पुन्हा भिजवल्यावर आकार किती राहिला? दमट हवेत तो किती टिकला? आणि वापरलेले आम्ल, इथेनॉल व पाणी गेले कुठे? यांची उत्तरे आकड्यांत मिळाली, तरच ते संशोधन कारखान्याच्या दारापर्यंत पोहोचले असे म्हणता येईल.